गुडघ्यांची झीज आणि वऱ्हाड : ऑस्टिओआर्थ्रायटिसचे आकलन व उपचार यांचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

सांध्यातील कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत व लवचीक आवरण, तिच्याखालचे हाड, सांध्याचे आतील अस्तर आणि सांध्याला आधार देणारे स्नायू या सर्वांत वर्षानुवर्षे बिघाड होत जाऊन सांधा दुखरा, ताठर आणि दुबळा होतो, त्या आजाराला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. वऱ्हाडात ‘गुडघे धरले’, ‘वाटी घासली’, ‘गॅप कमी झाली’, ‘वंगण संपले’ अशा शब्दांत सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींमागे बहुतेक वेळा हाच आजार असतो. हात, कंबरेचा मणका, खुबा आणि पायाचा अंगठा यांनाही तो होतो. परंतु भारतात त्याचा सर्वाधिक भार गुडघ्यावर पडतो, आणि म्हणून या आढाव्याचा मध्यबिंदू गुडघा हाच आहे.

जगभरातील रोगभाराच्या मोजदादीनुसार २०२० साली ५९ कोटी ५० लाख लोक, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या ७.६ टक्के, या आजारासह जगत होते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली झालेली पाहणी अजूनही आधारभूत मानली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने ठरलेल्या पद्धतीनुसार तीत घरोघरी जाऊन ४,०९२ प्रौढांची विचारपूस करण्यात आली. त्यांपैकी १८.२ टक्के लोकांना हाडासांध्यांची कोणती तरी तक्रार होती, ५.८ टक्क्यांना ऑस्टिओआर्थ्रायटिस होता, तर ज्याची लोकांना अधिक भीती वाटते तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, सुमारे अर्धा टक्का लोकांतच आढळला. पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुण्यासह देशातील पाच ठिकाणी झालेल्या पाहणीत चाळिशीपुढील लोकांत गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसचे प्रमाण २८.७ टक्के आढळले. या दोन आकड्यांतील अंतर पाहून आजार वीस वर्षांत पाचपट वाढला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पहिल्या पाहणीत सर्व वयांचे प्रौढ होते आणि निदान प्रामुख्याने तक्रार व तपासणी यांवर झाले होते; दुसरीत फक्त मध्यमवयीन व वृद्ध होते आणि क्ष-किरण चित्रालाही महत्त्व होते. आजार कशाला म्हणायचे, हाच या क्षेत्रातील पहिला वादाचा मुद्दा आहे.

‘झीज’ या कल्पनेपासून संपूर्ण सांध्याच्या आजारापर्यंत

विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात ऑस्टिओआर्थ्रायटिस हा वापराने होणाऱ्या झिजेचा, आणि म्हणून वयासोबत अटळ असा, प्रकार मानला जात असे. मँचेस्टरचे केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५२ साली कोळसा खाणकामगारांच्या सांध्यांची क्ष-किरण चित्रे अभ्यासली आणि १९५७ साली शून्य ते चार अशा श्रेणींची मोजपट्टी मांडली. दोन हाडांमधील अंतर किती कमी झाले आणि कडांना हाडाचे टोचरे अंकुर किती फुटले, यांवरून ही श्रेणी ठरते. आज अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या दवाखान्यात ‘ग्रेड तीन’ किंवा ‘ग्रेड चार’ असे जे कागदावर लिहून मिळते, ते याच मोजपट्टीनुसार. या विषयाच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ श्रमिकांच्या सांध्यांपासून झाला, ही गोष्ट वऱ्हाडासारख्या शेतमजुरीच्या प्रदेशाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

झिजेच्या कल्पनेला पुढे दोन दिशांनी आव्हान मिळाले. एक दिशा जीवशास्त्राची. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. म्हणजे वेदना कूर्चेतून थेट येऊ शकत नाही, ती खालच्या हाडातून, अस्तराच्या सुजेतून किंवा भोवतालच्या पेशीजालातून येते. कूर्चेतील पेशी ताणाला प्रतिसाद म्हणून काही विकरे सोडतात आणि ती विकरे कूर्चेची चौकट तोडतात. अस्तराला मंद सूज येते, खालचे हाड कठीण होते, मांडीचा स्नायू रोडावतो. त्यामुळे आज या आजाराला संपूर्ण सांध्याचा आजार म्हटले जाते. दुसरी दिशा इतिहासाची. २०१७ साली अमेरिकेतील अडीच हजारांहून अधिक सांगाड्यांच्या गुडघ्यांची तुलना प्रसिद्ध झाली. तीत पन्नाशीपुढील व्यक्तींमध्ये गुडघ्याच्या या आजाराचे प्रमाण प्रागैतिहासिक काळात ८ टक्के, औद्योगिक युगाच्या आरंभी ६ टक्के आणि अलीकडच्या काळात १६ टक्के आढळले, आणि वय व वजन यांचा हिशेब वजा केल्यावरही ही वाढ टिकून राहिली. नुसते वय हे कारण असते तर असे घडले नसते.

तरीही यांत्रिक भाराची बाजू निकालात निघालेली नाही. गुडघ्यात बाहेरच्या बाजूने वाकलेल्या, धनुष्यासारख्या पायांत भार गुडघ्याच्या आतील अर्ध्या भागावर एकवटतो आणि आजार तिथेच वेगाने वाढतो, हे वारंवार दिसून आले आहे. आजच्या अभ्यासकांचा सर्वसाधारण कल असा आहे, की भार आणि जैविक प्रक्रिया हे दोन प्रतिस्पर्धी खुलासे नसून अयोग्य भार पेशींच्या प्रतिसादाला चालना देतो आणि तो प्रतिसाद सांध्याची भार सोसण्याची क्षमता आणखी कमी करतो. मतभेद आहे तो यातील पहिले पाऊल कोणते, यावर.

वऱ्हाडातील गुडघा : काम, वजन आणि पाणी

कामाचा आणि गुडघ्याचा संबंध वऱ्हाडात सर्वाधिक स्पष्टपणे दिसतो तो निंदणात. निंदणारी स्त्री तासाच्या, म्हणजे पिकाच्या ओळीच्या, आरंभी दोन्ही पायांवर उकिडवी बसते, एका हाताने कपाशीचे किंवा तुरीचे रोप बाजूला सारते, दुसऱ्या हातातील खुरप्याने तण मुळाशी कापते, आणि हातापुढची जागा स्वच्छ झाली की उभी न राहता, तशीच उकिडवी, एकेक पाऊल पुढे सरकते. पावसाळ्यात पायाखालची काळी माती चिकट असते, त्यामुळे सरकताना गुडघ्याला वाकवण्याबरोबर पीळही बसतो. कापसाच्या वेचणीत ताण निराळा असतो. तिथे ती उभी असते, पण कंबरेत वाकलेली, पोटाशी बांधलेल्या ओटीत कापूस साचत जातो आणि तो धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, वाहून न्यावा लागतो. मजुरी किलोवर असल्याने मध्ये थांबण्याला किंमत मोजावी लागते.

अशा कामाचा परिणाम काय होतो, याविषयीचा पुरावा मुख्यतः इतर देशांतून आलेला आहे. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावातील दीर्घकालीन अभ्यासात १९९१ साली असे मांडले गेले, की ज्या पुरुषांच्या कामात गुडघे वाकवणे आणि बऱ्यापैकी अंगमेहनत असते, त्यांना पुढे गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते. स्त्रियांच्या बाबतीत तसा संबंध त्या गावात दिसला नाही, कारण तेथील स्त्रिया अशा प्रकारची कामे फारशा करीतच नव्हत्या. बीजिंगमधील अभ्यासात मात्र वृद्ध चिनी स्त्रियांत, त्या फ्रॅमिंगहॅमच्या स्त्रियांपेक्षा सडपातळ असूनही, गुडघ्याचा आजार अधिक आढळला, आणि २००४ सालच्या विश्लेषणात तारुण्यात रोज दीर्घकाळ उकिडवे बसण्याशी त्याचा संबंध जोडला गेला. याउलट त्याच चिनी लोकांत खुब्याचा आजार पाश्चात्त्यांच्या तुलनेत अतिशय विरळ होता, आणि भारतातही खुब्याचा प्राथमिक ऑस्टिओआर्थ्रायटिस तुलनेने कमीच दिसतो. यावरून काही अभ्यासक असे मानतात, की जमिनीवर मांडी घालून व उकिडवे बसण्याची सवय खुब्याला हितकारक असावी. शिवाय पूर्ण उकिडव्या स्थितीत मांडी पोटरीला टेकते आणि गुडघ्यावरील भाराचा काही वाटा तिकडे जातो, म्हणून क्षणभर उकिडवे बसणे आणि तासन्‌तास तसेच सरकत राहणे यांत भेद केला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. हा भेद योग्यच आहे, आणि ‘खाली बसूच नका’ या सरसकट सल्ल्यात तो हरवतो.

वजनाचा प्रश्न शहरी अमरावती-अकोल्यात अधिक तीव्र आहे. फ्रॅमिंगहॅमच्याच १९९२ सालच्या निष्कर्षानुसार ज्या स्त्रियांनी दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन कमी केले, त्यांना दुखऱ्या गुडघ्याचा आजार होण्याची शक्यता निम्म्याहून अधिक घटली. चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलामागे सुमारे चार किलो भार उतरतो, असे मोजमापांतून दिसले आहे. मात्र निंदणाला जाणाऱ्या अनेक स्त्रिया मुळातच कृश असतात, आणि त्यांच्याही गुडघ्यांचे दुखणे वजनाच्या नावाखाली जाते, ही उणीव नोंदवायला हवी.

तिसरा मुद्दा पाण्याचा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे, आणि तेथील भूजल खारट असल्याने अनेक आजारांचे खापर त्यावर फुटते. पाण्यातील खारेपणामुळे ऑस्टिओआर्थ्रायटिस होतो, असे मानण्यास वैद्यकीय आधार नाही. फ्लोराइडचे अतिरिक्त प्रमाण ही निराळी बाब आहे. त्यामुळे हाडे व अस्थिबंध कठीण होऊन सांधे आखडतात, पण तो फ्लोरोसिस नावाचा स्वतंत्र आजार होय आणि त्याचे निदानही स्वतंत्रपणेच करावे लागते. महाराष्ट्रात २००६ साली पसरलेल्या चिकनगुनियानंतर महिनोन्‌महिने राहिलेल्या सांधेदुखीचीही अशीच गल्लत होत आली आहे.

निदान : चित्र आणि वेदना यांतील तफावत

क्ष-किरण चित्रात गंभीर बदल असलेली व्यक्ती विनातक्रार चालते आणि जवळजवळ निर्दोष चित्र असलेली व्यक्ती जिना चढू शकत नाही, हा अनुभव सर्वत्र येतो. झोप, मनःस्थिती, स्नायूंचे बळ आणि मज्जासंस्थेने वेदनेला दिलेला वाढीव प्रतिसाद यांचा त्यात वाटा असतो. म्हणून ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०२२ साली अशी भूमिका घेतली, की वय ४५ किंवा अधिक असेल, वेदना हालचालीशी निगडित असेल आणि सकाळचा ताठरपणा नसेल किंवा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकत नसेल, तर चित्र न काढताही निदान करावे. ताप, रात्रीची वेदना, सांधा लालबुंद होणे, अनेक लहान सांध्यांना एकाच वेळी सूज येणे किंवा सकाळी तासभर बोटे न उघडणे ही लक्षणे असतील तर मात्र तपासण्या आवश्यक ठरतात. येथील व्यवहारात चित्राला, आणि आता एमआरआयला, जे महत्त्व मिळते ते यापेक्षा कितीतरी अधिक आहे. ‘गॅप’ दिसली नाही की रुग्ण चालणेच सोडून देतो आणि त्यामुळे मांडीचा स्नायू आणखी रोडावतो, हा त्याचा सर्वांत हानिकारक परिणाम म्हणावा लागेल.

व्यायाम आणि वजन : पहिला उपचार, तरीही वादातीत नाही

गेल्या दोन दशकांतील जवळपास सर्व मार्गदर्शिकांचे ज्यावर एकमत झाले आहे, तो उपचार म्हणजे व्यायाम, माहिती आणि गरज असल्यास वजनात घट. त्यातील मूळ व्यायाम साधा आहे. पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी, मांडीचा स्नायू आवळून ती गुंडाळी खाली दाबावी, पाच ते दहा सेकंद तसेच राहावे आणि सोडावे. पुढे खुर्चीवर बसून पाय सरळ उचलणे, मग घोट्याला वाळूची लहान पिशवी बांधून तेच करणे, आणि शेवटी हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, असा तो वाढत जातो. सौम्य दुखले तरी चालते, मात्र वाढलेली वेदना दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरली पाहिजे, हा त्याचा मापदंड. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून याच तत्त्वावर दोन-तीन माहिती सत्रे आणि सहा आठवड्यांत बारा व्यायाम सत्रे असा कार्यक्रम देशभर चालवला जातो. अमेरिकेत ४५४ जणांवर अठरा महिने झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आहार आणि व्यायाम एकत्र दिलेल्या गटाचे वजन दहा टक्क्यांहून अधिक घटले आणि त्या गटाची वेदना व हालचाल या दोहोंत केवळ व्यायाम करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारणा झाली.

या एकमतालाही प्रश्न विचारले जात आहेत. डेन्मार्कमध्येच २०६ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांचा व्यायाम कार्यक्रम आणि सांध्यात दिलेले साध्या मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन यांचा परिणाम सारखाच आढळला. यावरून व्यायामाचा गुण प्रत्यक्ष स्नायूबळाचा किती आणि लक्ष दिले गेल्याचा, धीर मिळाल्याचा व काळाच्या ओघात वेदना आपोआप ओसरण्याचा किती, हा प्रश्न उभा राहिला. व्यायामाच्या समर्थकांचे उत्तर असे आहे, की त्याचा लाभ मध्यम असला तरी त्याला दुष्परिणाम जवळजवळ नाहीत आणि मधुमेह व रक्तदाब यांतही तो उपयोगी पडतो. हे उत्तर ग्राह्य वाटते, परंतु ‘व्यायाम करा’ एवढे सांगून रुग्णाला घरी पाठवणे म्हणजे व्यायामाचा उपचार नव्हे, हेही त्यातूनच निष्पन्न होते.

१९१४ साली स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे अमरावतीची व्यायामनगरी अशी ओळख आहे. शारीरिक शिक्षणाची इतकी जुनी परंपरा असलेल्या शहरात साठीच्या स्त्रीला गुडघ्यासाठी देखरेखीखाली बारा सत्रे मिळणे अशक्य नसावे. मेळघाटातील धारणी आणि चिखलदरा येथील रुग्णाला मात्र त्या बारा सत्रांसाठी घाट उतरून येणे परवडणारे नाही, तिथे हे काम उपकेंद्राच्या पातळीवर आणि आशा कार्यकर्तीच्या हातानेच होऊ शकते. योगाभ्यासाविषयीही बरेच अनुकूल लिहिले जाते. त्याची उपयुक्तता मान्य करतानाच वज्रासन आणि मलासन यांसारखी गुडघा पूर्ण दुमडणारी आसने दुखऱ्या अवस्थेत टाळावीत, असा सावध सल्ला दिला जातो. शेगावच्या पायी वारीला जाणाऱ्यांना ‘चालू नका’ असे सांगण्यापेक्षा, महिनाभर आधीपासून रोजचे अंतर थोडे थोडे वाढवत नेण्यास सांगणे अधिक शास्त्रीय आहे.

वजनाच्या संदर्भात नवी भर २०२४ सालची आहे. लठ्ठपणा व गुडघेदुखी दोन्ही असलेल्या ४०७ जणांच्या चाचणीत ६८ आठवडे सेमाग्लुटाइड हे आठवड्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन घेणाऱ्यांत वेदनेच्या शंभर गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी ४१.७ गुणांची घट झाली, तर निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांत ती २७.५ होती. औषध थांबल्यावर वजन परत वाढते आणि खर्च मोठा असतो, हे दोन आक्षेप कायम आहेत.

गोळ्या, मलमे आणि इंजेक्शने

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी आराम पडतो, यात वाद नाही. वाद आहे तो त्या किती काळ घ्याव्यात यावर. जठरातील व्रण, रक्तदाबात वाढ, हृदयविकाराचा धोका आणि मूत्रपिंडावरील ताण हे त्यांचे ज्ञात दुष्परिणाम होत. वऱ्हाडात पारा ४५ अंशांच्या आसपास पोहोचतो त्या दिवसांत, उन्हात काम करून शरीरातील पाणी घटलेले असताना याच गोळ्या मूत्रपिंडाला अधिक अपाय करू शकतात, ही गोष्ट औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्यांचा पत्ता घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. त्याच औषधाचे मलम गुडघ्यासारख्या त्वचेलगतच्या सांध्यावर चांगले काम करते आणि रक्तात फारच थोडे जाते, म्हणून मार्गदर्शिका त्याला पहिली पसंती देतात. पॅरासिटामॉलचा लाभ आता नगण्य मानला जातो. ग्लुकोसामाइन आणि काँड्रॉइटिन या पूरक औषधांविषयी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या १,५८३ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत एकूण गटात निष्क्रिय गोळीपेक्षा सरस परिणाम आढळला नाही, तरी ती सर्रास लिहून दिली जातात.

इंजेक्शनांचे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे उत्तम आराम देते. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन वर्षे दर बारा आठवड्यांनी ते दिलेल्या रुग्णांची कूर्चा अधिक घटली आणि वेदनेत फरक पडला नाही, तर २०२० सालच्या १५६ रुग्णांच्या चाचणीत वर्षअखेरीस फिजिओथेरपी त्यापेक्षा सरस ठरली. ‘वंगणाचे इंजेक्शन’ म्हणून परिचित असलेल्या हायल्युरॉनिक आम्लाचा लाभ २०२२ सालच्या मोठ्या समीक्षेत रुग्णाला जाणवण्याइतका नसल्याचे दिसले. रुग्णाच्याच रक्तातील बिंबाणूंनी समृद्ध द्रव सांध्यात सोडण्याची पीआरपी ही पद्धत आता जिल्ह्याच्या ठिकाणीही पोहोचली आहे. तिच्या बाजूने अनेक लहान चाचण्या आहेत, तर २०२१ सालच्या २८८ रुग्णांच्या ऑस्ट्रेलियन चाचणीत बारा महिन्यांनंतर मिठाच्या पाण्यापेक्षा ती वेदना किंवा कूर्चा या दोन्ही बाबतींत सरस आढळली नाही. पद्धतीत एकवाक्यता नसल्याने द्रव तयार करण्याची रीत दर ठिकाणी वेगळी असते, आणि म्हणून एका चाचणीने निकाल लागत नाही, असे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण मग खात्रीचा दावा करून रुग्णाकडून हजारो रुपये घेण्यालाही तोच न्याय लागू होतो.

आयुर्वेद आणि घरगुती उपाय

आयुर्वेदात या आजाराचे वर्णन संधिगत वात या नावाने येते. सांध्याला आलेली सूज आणि आखडताना-पसरताना होणारी वेदना ही त्याची लक्षणे चरकसंहितेत नोंदलेली आहेत, आणि आमवात त्याहून निराळा मानला जातो. अमरावतीच्या विदर्भ आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थांच्या रुग्णालयांत मिळणारे स्नेहन, स्वेदन, गुडघ्याभोवती पिठाचे पाळे करून त्यात कोमट तेल धरून ठेवणारी जानुबस्ती, आणि पोटात गुग्गुळाचे कल्प हा या परंपरेतील नेहमीचा क्रम आहे. आधुनिक पद्धतीने तिची परीक्षा करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न महाराष्ट्रातून झाला. केंद्र सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या प्रकल्पात डॉ. चोप्रा आणि सहकाऱ्यांनी ४४० रुग्णांवर चोवीस आठवडे केलेली आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेली दुहेरी-अंध चाचणी, म्हणजे कोणाला कोणते औषध मिळते हे रुग्णाला व वैद्यालाही ठाऊक नसलेली चाचणी, असे दाखवते, की सुंठ, गुळवेल, गुग्गुळ इत्यादींचे कल्प ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब हे वेदनाशामक यांच्या तोडीचे ठरले. त्याच चाचणीत आयुर्वेदिक गटातील काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित एका घटकाचे प्रमाण वाढले आणि औषध थांबवल्यावर ते पूर्ववत झाले. या निष्कर्षाचा एक भाग सांगून दुसरा गाळणे दोन्ही बाजूंकडून घडते.

घरगुती उपायांत निर्गुडीचा पाला किंवा एरंडाची पाने गरम करून शेकणे निरुपद्रवी आहे व उबेने आरामही पडतो. बिब्ब्याचे तेल त्वचेवर लावणे मात्र धोक्याचे, कारण त्याने भाजल्यासारखे फोड येतात. बिननावाच्या पुड्या आणि काळ्या गोळ्या यांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते. दोन दिवसांत चमत्कारिक आराम, वाढणारी भूक आणि फुगलेला चेहरा ही त्याची खूण.

शस्त्रक्रिया

दुर्बिणीतून सांधा धुऊन साफ करण्याची शस्त्रक्रिया एके काळी अतिशय लोकप्रिय होती. २००२ साली ह्यूस्टन येथील १८० रुग्णांच्या चाचणीत काहींना केवळ त्वचेवर छेद देऊन लटकी शस्त्रक्रिया करण्यात आली आणि त्यांना खऱ्या शस्त्रक्रियेइतकाच आराम पडला. त्यानंतर झिजलेल्या गुडघ्यासाठी तिचे समर्थन हळूहळू मावळले.

कृत्रिम सांधारोपणाचे स्थान याउलट भक्कम आहे. डेन्मार्कमधील २०१५ सालच्या १०० रुग्णांच्या चाचणीत रोपण झालेल्यांना केवळ व्यायामादी उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक लाभ झाला, पण गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच अधिक झाल्या, आणि दुसऱ्या गटातील सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांनी वर्षभरात शस्त्रक्रिया मागितली नाही. दोन्ही बाजू हीच चाचणी आपल्या पुष्ट्यर्थ देतात. रोपित गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के पंचवीस वर्षे टिकतात, असा २०१९ सालचा अंदाज आहे. पन्नाशीच्या आसपास रोपण केले तर आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता मात्र बरीच वाढते. गुडघ्याचा फक्त आतील भाग खराब असेल तर अर्धे रोपण, किंवा तरुण व कष्टकरी रुग्णात नडगीचे हाड कापून पायाचा वाकडेपणा काढण्याची शस्त्रक्रिया, हे पर्याय आहेत. दुसऱ्या पर्यायात स्वतःचा सांधा राहतो आणि श्रमाच्या कामाला परतणे अधिक शक्य होते, म्हणून शेतकरी समाजात त्याचा विचार जितका व्हायला हवा तितका होताना दिसत नाही.

खर्चाच्या बाजूने दोन घटना महत्त्वाच्या आहेत. जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत अमरावती होता. तीच योजना पुढे महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने राज्यभर चालू राहिली. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या रोपणांच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा सर्वाधिक वापरात असलेल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची किंमत कर वगळता ५४,७२० रुपये ठरली. रोपणाची किंमत उतरली तरी नागपूर किंवा सेवाग्रामपर्यंतचा प्रवास, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि नंतरचे सहा आठवडे यांचा भार कुटुंबावरच राहतो.

अनिर्णित प्रश्न

कूर्चा पुन्हा निर्माण करणारे औषध हा या क्षेत्राचा सर्वांत जुना शोध आहे. २०१९ साली स्प्रिफर्मिन या प्रायोगिक औषधाने कूर्चेची जाडी वाढल्याचे दिसले, परंतु रुग्णांची वेदना त्या प्रमाणात घटली नाही, आणि संशोधनाचे लक्ष्य कूर्चा असावे की वेदना, हा प्रश्न अधिकच तीव्र झाला.

वऱ्हाडाच्या दृष्टीने अधिक निकडीचा प्रश्न मोजमापाचा आहे. उपचारांचे यश ज्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीने ठरवले जाते, तीत जिना चढणे, मोजे घालणे, गाडीत बसणे यांविषयी विचारले जाते. पुण्याच्या संशोधकांनी तिचे भारतीय रूप तयार करताना उकिडवे बसणे आणि मांडी घालणे यांचा समावेश केला, ही मोलाची सुधारणा होय. रोपणानंतर खोल उकिडवे बसू नये असा सल्ला दिला जातो, आणि अधिक वाकणारे म्हणून विकले जाणारे सांधेही साध्या सांध्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरलेले नाहीत. म्हणजे शस्त्रक्रिया वैद्यकीयदृष्ट्या यशस्वी होऊनही निंदणाची मजुरी कायमची बंद होते, आणि त्या स्त्रीच्या दृष्टीने हे यश की अपयश, याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

प्रतिबंधाचा प्रश्न याला लागूनच आहे. सायकलच्या चाकाचा डवरा उभ्याने चालवता येतो आणि दोन ओळींमधील तण काढतो. रोपाच्या बुंध्याशी असलेले तण मात्र हातानेच काढावे लागते, आणि तणनाशकाने ते टाळले तर मजुरीही टळते. उभ्याने केलेल्या निंदणाने गुडघे खरोखर वाचतात की ताण फक्त कंबरेकडे सरकतो, बसक्या कामात ठरावीक वेळाने उठून पाय मोकळे केल्यास फरक पडतो का, आणि चाळिशीतच मांडीचे स्नायू बळकट करणाऱ्या स्त्रियांना साठीत कमी त्रास होतो का, हे ठरवायचे तर एकाच गावातील मजूर स्त्रियांना अनेक हंगाम सोबत घेऊन पाहणी करावी लागेल. अकोल्यात १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे आणि २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. अवजार एका संस्थेच्या कक्षेत येते, गुडघा दुसरीच्या, आणि ही पाहणी व्हायची असेल तर ती दोघींनी मिळून, खरिपाच्या पहिल्या निंदणापासून सुरू करावी लागेल.